बादलीभर गाळ

दिवाळीचा आकाशकंदील अजून दारात लटकत असतो आणि गंगाखेड रोडवर उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांवर नको तेवढा ऊस, आणि पुढे भोंग्यावर कुठलं तरी वरातीतलं गाणं. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर पाचट उडतं. काल माझ्या उडालं. मी स्कूटी बाजूला घेतली, चष्मा पुसला आणि त्या ड्रायव्हरला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. देऊन झाल्यावर कळलं, राग त्याच्यावर नव्हताच. हंगाम लागला की मला दरवर्षी असं होतं. लोकांना या दिवसांत हुरडा आठवतो, शेकोटी आठवते. मला मळी आठवते आणि दिवसभर कुणाशी धड बोलावंसं वाटत नाही.

मळी म्हणजे उसाच्या रसातून काढता येईल तेवढी साखर काढून घेतल्यावर मागे उरतो तो काळा, चिकट पाक. तिचा वास आधी गोड लागतो, मग जळका, आणि थोडा वेळ उभं राहिलं की त्याच्या खालून कुजका वर येतो. तो कपड्यांत बसतो, केसांत बसतो. एका हंगामात मी संध्याकाळी कामावरून परभणीला परत यायला एस.टी.त चढले, की शेजारची बाई दोन मिनिटांत खिडकी उघडायची. थंडी असली तरी उघडायची.

गंगाखेडच्या पुढे, गोदावरीपासून थोडा आत, एक लहानसा खाजगी कारखाना होता. साखरेचा नव्हे. साखर कारखान्यांची मळी विकत घ्यायची आणि ती आंबवून अल्कोहोल काढायचं, एवढंच त्याचं काम. नाव सांगत नाही. सांगूनही उपयोग नाही, तिथे आता पत्रेसुद्धा शिल्लक नाहीत. मालकांना कुणीतरी पटवून दिलं होतं की याच मळीपासून एक आम्ल काढता येतं, त्या आम्लाचं मातीत विरघळणारं प्लास्टिक होतं आणि त्याला भाव बरा आहे. त्यासाठी वेगळ्या जातीचं यीस्ट हवं होतं. म्हणून एका हंगामापुरतं मला बोलावलं.

माझं काम काय ते मला घरच्यांना कधी नीट सांगता आलं नाही. आई शेजारणींना सांगायची, आमची ही कंप्युटरवर जंतू पाळते. ते तसं खरंच आहे. यीस्टच्या पेशीत साखर शिरते आणि बाहेर पडेपर्यंत तिची शेकडो रूपं होतात. त्यातला एकेक बदल म्हणजे एकेक रस्ता. हे सगळे रस्ते कंप्युटरवर मांडायचे, कुठून किती माल जाऊ शकतो ते भरायचं आणि पेशीला विचारायचं, बाई गं, तुला जास्तीत जास्त वाढायचं आहे, तर तू कुठून जाशील? मग एक रस्ता बंद करून पुन्हा विचारायचं. परभणीत रेल्वेचं फाटक पडलं की रिक्षावाले जसे बोळाबोळांतून निघतात, तशी तीही कुठून तरी निघते. आपण ते बोळही बुजवायचे. असं करत करत एकच रस्ता मोकळा ठेवायचा, आपल्याला हवा तो माल बनवत जाणारा. मग तिला आमचं आम्ल बनवल्याशिवाय वाढताच येत नाही. जे कंप्युटरवर जमलं ते नंतर प्रयोगशाळेत खऱ्या पेशीत करतात, तिच्यातली नको ती जनुकं कापून टाकतात. आमच्या धंद्यात या बांधणीला सुंदर म्हणतात. मलाही ती सुंदर वाटायची. आजही वाटते, उगाच साधूपणाचा आव कशाला आणू.

आता मी हेच कॉलेजात शिकवते. परवा एका मुलीनं विचारलं, मॅडम, त्या पेशीला त्रास होतो का. वर्ग हसला. मी म्हणाले, तिला मेंदू नाही, त्यामुळे तिची काळजी करू नकोस, परीक्षेची कर. मुलीनं वही मिटली. माझी जीभ ही अशी आहे, आणि ती त्या हंगामाच्या आधीपासून आहे, त्यामुळे त्याचं खापर कुणावर फोडता येत नाही.

या सगळ्या गणितात एक ओळ असते. पेशी वाढली नाही, तिनं काही बनवलं नाही, नुसती जिवंत राहिली, तरी तिला थोडी साखर लागतेच. ती साखर या ओळीत लिहायची. कारखान्याचे मॅनेजर साहेब माझ्या पाठीमागे उभं राहून पडद्याकडे बघत होते. त्यांनी नेमकं या ओळीवर बोट ठेवलं.

"ही एवढी वाया जाते का हो?"

"वाया नाही. ती जिवंत राहायला लागते."

"कमी नाही का करता येणार?"

मी म्हणाले, इथे शून्य लिहिलं तर आकडे छान येतील, टाकीत मात्र सगळं मरेल. साहेब हसले. सोलापूरकडचे होते, फार गोड बोलायचे. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. कुणाला झापायचं असलं की आधी खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे, मग बोलायचे. कारखान्यातल्या माणसांना त्यांच्या ओरडण्याची नव्हे, त्या खुर्चीची भीती वाटायची.

टाक्यांच्या शेडमध्ये राज्य होतं आप्पांचं. शिवलिंग मन्मथ शेटे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात सदऱ्याच्या आत चांदीच्या डबीत इष्टलिंग, आणि उभा जन्म अल्कोहोलच्या टाक्यांपाशी गेलेला. त्यातला थेंब त्यांनी कधी जिभेला लावला नव्हता. पोरं चेष्टा करायची, "आप्पा, गावाला पाजून सोता कोरडे ऱ्हायले." आप्पा म्हणायचे, "हलवाई काय बर्फी खात बसतो का रं?" टाकीच्या कठड्याला कान लावून ते आतल्या बुडबुड्यांचा आवाज ऐकायचे. त्यांना त्यातून काय कळायचं देव जाणे. बऱ्याचदा त्यांचा अंदाज चुकायचा, पण लावलेला कान मात्र बघत राहावा असा असायचा.

तो आप्पांचा शेवटचा हंगाम होता. हंगाम संपला की ते निवृत्त होणार, आणि त्यांच्या जागी त्यांचा मुलगा महेश कायम होणार, असं ठरलेलं होतं. कागदावर नव्हे, तोंडी. बापाची जागा पोराला, हा आमच्या भागातल्या कारखान्यांचा जुना रिवाज आहे. महेश बी.एस्सी. झालेला, तिशीला टेकलेला, त्या वर्षी हंगामी म्हणून माझ्याच हाताखाली होता. कामाला चलाख. मुलीकडचे पाहुणे यायचे, "पर्मनंट हाय का?" विचारायचे, चहा प्यायचे आणि निघून जायचे. हे मला आप्पांनी सांगितलं होतं, हसत हसत. महेश तिथेच उभा होता. तो हसला नाही.

त्या घराचं सगळं त्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं. लग्न, घरावरचा स्लॅब, आप्पांच्या बायकोचा गुडघा. महेश कायम झाला की बघू, असं आप्पा प्रत्येक गोष्टीला म्हणायचे.

येळवस आली. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्याकडे सगळं गाव शेतात जेवायला जातं. मी गेले नव्हते, टाकी सोडून जाता येईना. तर दुपारी आप्पा शेतातून थेट कारखान्यात आले, डोक्यावर टोपलं, त्यात शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, वाफवलेले बाजरीचे उंडे आणि मातीच्या बिंदगीत आंबील. शेडच्या मागे पाचटावर बसून आम्ही जेवलो. आंबील गार होती, आंबट, तिच्यात लसणाचा वास. महेशनं स्वतःच्या हातानं बापाच्या पेल्यात दोनदा ओतली. "बस की रं," आप्पा म्हणाले, तरी तो ओतत राहिला. थंडीतलं कोवळं ऊन होतं. मळीचा वाससुद्धा त्या दिवशी सोसवला. एवढं चांगलं जेवण त्यानंतर मी कुठं जेवले ते मला आठवत नाही.

आमच्या यीस्टचा एक नियम होता आणि तो मी आप्पांना स्वतः समजावला होता. प्रत्येक टाकीला ताजं बी वापरायचं, शीतपेटीतल्या कुपीपासून नव्यानं वाढवलेलं. टाकी रिकामी झाली की वाफेनं धुवायची, मागचं टिपूसही पुढे न्यायचं नाही. कारण पेशी बांधलेली आहे खरी, पण कोट्यवधींत एखादी कधीतरी सुटते. तिला आमचं आम्ल बनवावं लागत नाही, म्हणून ती भराभर वाढते. एका टाकीपुरत्या अशा दोन-चार सुटल्या तर बिघडत नाही. मागची टाकी पुढच्या टाकीत मिसळत गेलात, तर थोड्याच दिवसांत सगळी टाकी सुटलेल्यांचीच होते. आप्पांनी ऐकलं, मान हलवली, म्हणाले, "बराबर हाय."

पण आप्पांचा हात वेगळा होता. अल्कोहोलच्या टाक्यांना त्यांनी कायम मागच्या चांगल्या टाकीचा गाळ लावला होता. टाकी नामी निघाली की तळाचा बादलीभर गाळ बाजूला ठेवायचा आणि पुढच्या टाकीत सोडायचा. त्यांच्या घरी विरजण त्यांच्या आजीच्या हातचं चालत आलं होतं. लेकी सासरी जाताना वाटीत घेऊन जायच्या. चांगलं आहे ते फेकून द्यायचं, ही गोष्ट त्या माणसाच्या हातून होणारी नव्हती. आमची पहिली टाकी उत्तम उतरली. पुढचं मला नंतर कळलं. आप्पांनी तिचा बादलीभर गाळ ठेवला, वर ओलं फडकं बांधलं आणि ताज्या बियाबरोबर दुसऱ्या टाकीत सोडला. दुसरी टाकी पहिलीपेक्षा लवकर फसफसून उठली. साहेब स्वतः शेडमध्ये आले, आप्पांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आप्पा, असंच चालवा." मग आप्पांनी तसंच चालवलं.

संक्रांतीच्या सुमाराला आम्ल घटायला लागलं. आधी थोडं, मग डोळ्यांत भरेल एवढं. टाकी दिसायला झकास होती, फेस भरपूर, वाढ भरपूर. आप्पा कठड्याशी वाकून म्हणाले, "वास बदलायलाय मॅडम. आंबट येत न्हाई, पावावानी येतोय." मी मळी बदलून बघितली, पाणी तपासलं. शेवटी कंप्युटरवर सुटलेल्या पेशी धरून गणित मांडलं. ताजं बी धरलं की आमच्या टाकीच्या आलेखाची रेघ गणिताशी जुळेना. मागच्या टाकीचा हिस्सा प्रत्येक वेळी पुढे येतोय असं धरलं, की रेघेवर रेघ बसली. आम्लाचा पहिला मोठा माल घेणारं गिऱ्हाईक तोवर निघून गेलं होतं. मालकांनी साहेबांना फोन केला आणि साहेबांनी मला विचारलं. मी जे दिसलं ते सांगितलं, कुणीतरी मागच्या टाकीतलं पुढच्या टाकीत नेतंय. कोण, ते गणितात दिसत नाही.

साहेबांनी महेशला बोलावलं. मी केबिनमध्येच बसले होते. महेशला त्यांनी खुर्ची दिली.

"बस. पाणी घे. कायम व्हायचंय ना तुला?"

"हो साहेब."

"मग आपल्या कारखान्याचं नुकसान कोण करतंय ते तुला ठाऊक पाहिजे. शेडमध्ये पाळीला तुम्हीच असता."

महेशनं पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. बाहेर वजनकाट्यावर ट्रक उभा होता, त्याचं इंजिन चालू होतं.

"बादलीत ठेवला होता गाळ," तो म्हणाला. "आप्पानं."

"आप्पा म्हणजे?"

"वडील माजे."

"पूर्ण नाव सांग. मला मालकांना सांगावं लागेल."

"शिवलिंग मन्मथ शेटे."

"आणि तुझं?"

साहेबांना त्याचं नाव ठाऊक होतं. रोज हाक मारायचे.

"महेश शिवलिंग शेटे."

"शाबास," साहेब म्हणाले. "जा, कामाला लाग."

मी तेव्हा मध्ये काही बोलले नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं. पोरगा खरं बोलला होता. त्याचे बाकीचे सगळे रस्ते आधीच बंद करून ठेवलेले होते, आणि ही बांधणी मला चांगली ओळखता येत होती. तरी मला त्याची किळस आली. साहेबांची आली नाही, त्याची आली. माणसाचा राग बहुधा जवळच्याच माणसावर निघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची आप्पांना मिळाली. हंगाम संपायला थोडेच दिवस उरले होते, पण ते पुरे करू दिले नाहीत. हार नाही, नारळ नाही, फोटो नाही. शेडमधल्या पोरांना ताकीद दिली होती, कुणी गेटपर्यंत सोडायला जायचं नाही. आप्पांनी जाताना टाकीच्या कठड्याला हात लावून तो कपाळाला लावला, आणि ते बघून एक जण फिसकन हसला. महेश तेव्हा वरच्या फळीवर पाइप धूत होता. पाइप आधीच स्वच्छ होता.

चार-सहा दिवसांनी मी आप्पांच्या घरी गेले. गंगाखेडात, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत. घरात त्यांची बायको गुडघ्याला शेक देत होती. आप्पा ओट्यावर बसले होते, दाढी वाढलेली, पण कपाळावर भस्म ताजं. चहा झाला. मग त्यांनी बायको आत जायची वाट बघितली.

"मॅडम, एक इचारू? खरं सांगचाल का?"

"विचारा."

"माजं नाव कुणी घेतलं? पोरानं का?"

मला टाळता आलं असतं. गणितात दिसलं म्हणाले असते, तर त्यांनी मानलं असतं. पण मी तशी बाई नाही, आणि त्या दिवशी मला महेशवर दया दाखवायची नव्हती.

"हो. महेशनं."

आप्पांनी मान खाली घातली. अंगठ्यानं ओट्यावरचा एक टवका काढत राहिले. मला वाटलं आता रडतील, आणि मला काय करायचं ते सुचेना. त्यांनी वर बघितलं तेव्हा डोळे कोरडे होते.

"मग आता कायम करतेल ना त्याला?"

"करतील," मी म्हणाले. साहेबांनी शाबास म्हटलं होतं. मला तसंच वाटत होतं.

"मग बरं झालं," आप्पा म्हणाले. "म्या तर जानारच होतो." आणि त्यांनी आत हाक मारून बायकोला सांगितलं, ऐकलीस का, पोराचं काम झालं. गल्लीतून जाणाऱ्या एका ओळखीच्याला थांबवून त्यालाही सांगितलं. मी निघाले तेव्हा ते सांगतच होते.

फाल्गुनात हंगाम सरला. ट्रॉल्या बंद झाल्या, ऊसतोड्यांच्या राहायच्या कोप्या मोडल्या, रस्त्यावर नुसतं वाळलेलं पाचट उरलं. माझा करार संपला होता. शेवटच्या दिवशी मी साहेबांना सहज विचारलं, महेशची ऑर्डर निघाली का. साहेबांनी मला खुर्ची दिली.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या बाई. तुम्हीच सांगा. ज्यानं बापाचं नाव घेताना पाण्याचा ग्लास संपेपर्यंतही दम धरला नाही, त्याच्या हातात मी टाक्या कशा देऊ? उद्या तो माझंही नाव घेईल."

मग ते हसले, आणि मला पुढच्या कामासाठी शुभेच्छा दिल्या.

महेश गेटजवळच्या लिंबाखाली उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत सर्टिफिकिटं. कुणी त्याला बोलावलं नव्हतं, तो आपणहून आला होता. "मॅडम, साहेब काय म्हनले? कधीपासून यायचं?"

मी त्याला साहेबांचं वाक्य सांगितलं. जसंच्या तसं, पाण्याच्या ग्लासासकट. सांगताना मला बरं वाटलं. ज्याला लागावं असं वाटत होतं त्यालाच ते लागत होतं, आणि ते लागताना मी बघत होते.

महेशनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्याच्या चेहऱ्यावर फार काही हललं नाही.

"आप्पाला ठाऊक हाय," तो म्हणाला. "मीच नाव घेतलं ते. मला एक अक्षर बोलला न्हाई. गल्लीभर सांगत सुटलाय, पोरगं कायम झालं म्हनून. पाव्हन्यांनाबी निरोप धाडलाय. आता घरी जाऊन काय सांगू त्याला?"

"खरं ते सांग," मी म्हणाले.

त्यानं पिशवी काखेत धरली. आवाज न चढवता म्हणाला, "खरं एकदा सांगून बसलोय की मॅडम."